मोफत दवाखाना आणि कामगाराचा हक्क

(पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



विहाराच्या खोलीत दर रविवारी मोफत दवाखाना चालवावा, असा विचार आपल्यातील तरुणांनी मांडला आहे. दोन डॉक्टर आपला सुट्टीचा वेळ देण्यास तयार आहेत, परिचारिकेचे काम करणारी एक भगिनी येणार आहे, औषधांसाठी वर्गणीही जमू लागली आहे. अशा कार्याच्या आरंभी वकिलाला कशासाठी बोलावले, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना पडला असेल. मला नाडी पाहता येत नाही. परंतु कामगारांचे दावे चालविताना एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. माझ्यासमोर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरील कर्जाचा उगम विचारीत गेलो, म्हणजे तो लग्नाच्या खर्चाइतकाच, किंबहुना अधिक वेळा, दवाखान्याच्या बिलाशी जाऊन पोचतो. त्या बिलापैकी बरेचसे त्याला भरावेच लागले नसते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याविषयी मी आज बोलणार आहे.

ज्या भूमीवर आपण राहतो तिचा औषधाशी जुना संबंध आहे. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. औषधे तयार करण्यासाठी भारत सरकारने काढलेला हा पहिला कारखाना होय. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले आणि देशभरच्या रुग्णालयांत गेले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शेतांवर यंत्रांचे कारखाने उभे राहिले. १९७० साली येथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे उद्योगांची ही रांग इंद्रायणी ओलांडून कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी अशी चाकणपर्यंत पोचली. मोटारीचा असा क्वचितच एखादा भाग असेल, जो या पट्ट्यात तयार होत नाही.

या पट्ट्यात तो भाग कोण तयार करतो? लातूर, नांदेड, परभणी, सोलापूर, बुलढाणा, यवतमाळ येथून आलेली आपली मुले आणि बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेले त्यांचे सोबती. एका खोलीत सहा जण राहतात. तिघे दिवसपाळीला जातात, तेव्हा उरलेले तिघे झोपतात. त्यांचा मालक कोण, हे विचारले तर ते कारखान्याचे नाव सांगत नाहीत, ठेकेदाराचे नाव सांगतात. आणि ठेकेदार दर अकरा महिन्यांनी नाव बदलतो. पेनिसिलिन जेथे तयार झाले त्याच शहरात हा तरुण ताप आला म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन गोळ्या विकत घेतो व कामावर जातो. कारण खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी जाते, आणि दोन खाडे झाले तर गेटवर दुसरा माणूस उभा असतो. मोफत दवाखाना हवा, तो या माणसासाठी.

आपल्या परिसरात ही कल्पना नवी नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ पसरली, तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी आपला मुलगा डॉ. यशवंत याच्यासह हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला. ज्यांना कोणी शिवत नव्हते, अशा वस्त्यांतील रुग्ण तेथे आणले जात. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले. त्यातूनच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. आपण सावित्रीबाईंना शिक्षणासाठी स्मरतो ते योग्यच आहे. पण त्यांचे अखेरचे काम दवाखान्याचे होते, याचा विसर पडू नये.

दुसरे उदाहरण तर आपल्याच महानगरपालिकेच्या हद्दीतील आहे. लोकमित्र हे इंग्लंडमधील बौद्ध १९७७ साली भारतात आले, पुढे पुण्यात स्थायिक झाले, आणि त्यांच्या पुढाकाराने त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचे कार्य येथे सुरू झाले. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दापोडीच्या झोपडपट्टीत या मंडळींनी आरोग्याचे काम उभे केले. इंग्लंडमध्ये घरोघर फिरून सामान्य लोकांकडून त्यासाठी निधी गोळा केला गेला, आणि पद्मसुरी नावाच्या परिचारिका तेथून येऊन दापोडीच्या वस्तीत राबल्या. हेच काम पुढे 'बहुजन हिताय' या नावाने वाढले. दापोडीतील वृद्ध उपासिकांना त्या दिवसांच्या आठवणी विचारून पाहा.

आपल्या चळवळीचा दूरचा एक भाऊही येथे आठवतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले, हे सर्वश्रुत आहे. मात्र त्या ब्लॅक पँथरांनी आपल्या शाखांतून गरीब निग्रो वस्त्यांसाठी मोफत दवाखाने चालविले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. तेथे डॉक्टर व परिचारिका स्वेच्छेने येत; वस्तीतीलच तरुणांना रक्तदाब मोजणे, नोंदी ठेवणे शिकविले जाई. १९७१ च्या सुमारास त्यांनी सिकल सेल या रक्ताच्या आजाराची तपासणी हाती घेतली, कारण हा आजार त्यांच्या समाजात अधिक होता आणि सरकार त्याकडे लक्ष देत नव्हते. विदर्भातून आलेल्या कुटुंबांनी येथे कान टवकारावेत. तोच आजार विदर्भातील आदिवासींत व आपल्या समाजात मोठ्या प्रमाणावर आढळतो. केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली ती २०२३ साली. तपासणी साध्या रक्ताच्या थेंबावर होते. विवाहापूर्वी मुलामुलींनी ती करून घ्यावी. पत्रिका पाहण्याचे आपण सोडले आहे, तर हा एक कागद तेवढा पाहावा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. विनयपिटकातील एक प्रसंग आपल्याला ठाऊक असेल. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडला होता. भगवान बुद्ध व आनंद तेथे आले. त्याची शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे बुद्धांनी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की हा भिक्खू इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून इतरही त्याच्याकडे पाहत नाहीत. बुद्धांनी व आनंदाने मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. प्रवचनांत ही कथा बहुधा येथेच संपते. मी वकील असल्यामुळे पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बुद्ध धुऊन निघून गेले नाहीत. त्यांनी संघाला एकत्र केले, चौकशी केली आणि नियम घालून दिला: उपाध्याय असेल तर त्याने शुश्रूषा करावी, आचार्य असेल तर त्याने, शिष्य असेल तर शिष्याने, आणि कोणीच नसेल तर संपूर्ण संघाने, न केल्यास तो दोष मानला जाईल. म्हणजे करुणा झाली, आणि लगेच जबाबदारीही निश्चित झाली. पुढच्या आजाऱ्याला बुद्ध त्या वाटेने येण्याची वाट पाहावी लागू नये, याची ती व्यवस्था होती.

आपल्या दवाखान्याला हाच प्रश्न विचारला पाहिजे. रुग्ण आला, गोळी दिली, ठीक. पण या रुग्णाच्या औषधाची जबाबदारी वस्तुतः कोणाची होती?

भारतात या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर देण्याचा पहिला मोठा प्रयत्न बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर सभासद असताना सुरू झाला. १९२८ सालीच त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात स्त्री-कामगारांना बाळंतपणाचा लाभ मिळावा म्हणून बाजू मांडली होती. मजूर खाते त्यांच्याकडे असताना प्रा. बी. पी. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ साली सादर केला. त्या पायावर १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. आपण तिला ईएसआय म्हणतो. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असून संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कायद्याचे नाव बदलले, योजना चालू आहे.

ती योजना काय देते, हे नीट ऐका. दहा किंवा अधिक माणसे कामास असलेल्या कारखान्यातील कामगार, ज्याचे मासिक वेतन ठरविलेल्या मर्यादेच्या आत आहे, तो विमाधारक असतो. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये धरण्यात आली आहे. जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून शंभर रुपयांमागे ७५ पैसे कापले जातात आणि मालक आपल्या पदरचे ३ रुपये २५ पैसे भरतो. त्याच्या बदल्यात कामगाराला व त्याच्या कुटुंबाला कामाच्या पहिल्या दिवसापासून औषधोपचार मिळतो. आजारपणाच्या रजेत, वर्गणीचे ७८ दिवस भरले असतील तर, वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. कामावर इजा झाली तर तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात ९० टक्के मिळतात आणि त्यासाठी किती दिवस वर्गणी भरली हे पाहिले जात नाही. बोट गेले, हात गेला, तर नुकसानीच्या प्रमाणात जन्मभर निवृत्तिवेतनासारखी रक्कम मिळते. स्त्री-कामगाराला बाळंतपणात २६ आठवडे मिळतात. आपल्या शहरात चिंचवडला मोहननगर येथे याच योजनेचे रुग्णालय आहे. त्यात उणिवा नाहीत असे मी म्हणणार नाही; रांगा आहेत, औषधे संपतात, तज्ज्ञ नसतात. तरीही ते दानावर चालणारे रुग्णालय नव्हे. ते आपल्या व मालकाच्या वर्गणीवर उभे आहे.

मग या पट्ट्यातील इतका कामगार विम्याविना का? येथे कारणे वेगवेगळी आहेत, आणि ती ओळखता आली पाहिजेत.

काहींची नोंदच केलेली नसते. काहींचे पैसे कापले जातात, पण भरले जात नाहीत. काहींची नोंद असते, पण दहा आकडी विमा क्रमांक त्यांना दिलेला नसतो. ठेकेदाराच्या कारकुनाच्या वहीत तो पडून असतो. काहींना सांगितले जाते की तुझा पगार मर्यादेच्या वर गेला. बारकाईने पाहिले तर तो जादा कामाचे पैसे धरून वर गेलेला असतो, आणि जादा कामाचे पैसे मर्यादा ठरविताना धरायचे नसतात. शिवाय वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो. त्या काळाच्या मध्ये पगार वाढून मर्यादा ओलांडली, तरी तो काळ संपेपर्यंत विमा चालू राहतो. ठेकेदाराचा कामगार हा कारखान्याचा नव्हे, असे गेटवर सांगितले जाते. या बाबतीत कायदा स्पष्ट आहे: ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरण्याची प्रथम जबाबदारी मुख्य मालकाची; ती मग त्याने ठेकेदाराकडून वसूल करावी. जुन्या कायद्यात हे होते, नव्या संहितेतही आहे. आणि नोंद झाली नाही म्हणून कामगाराचा हक्क जन्माला आलाच नाही, असे होत नाही. विमा कामाने लागू होतो, कारकुनाच्या लेखणीने नव्हे.

आता कल्पना करा. असा एक कामगार रविवारी आपल्या दवाखान्यात येतो. आपले डॉक्टर त्याला तपासतात, वर्गणीच्या पैशांतून औषध देतात, तो आशीर्वाद देऊन जातो. आपण पुण्य केले असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण काय केले? ज्या मालकाने त्याचे तीन टक्के बुडविले, त्या मालकाचा खर्च आपण वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या बायांकडून जमविलेल्या वर्गणीतून भरला. हे कठोर बोलणे आहे याची मला जाणीव आहे. यावर कोणी म्हणेल, वकीलसाहेब, तापाने फणफणलेल्या माणसाला आधी गोळी द्यायची की कायदा सांगायचा? अर्थातच गोळी. त्यात शंका नाही. परंतु गोळी दिल्यावर तो दहा मिनिटे बाकावर बसणारच आहे. त्या दहा मिनिटांत त्याला त्याच्या पगाराची स्लिप विचारता येते.

म्हणून माझी सूचना अशी, की डॉक्टरांच्या टेबलाशेजारी दुसरे एक टेबल असावे. त्यावर आपल्यातील शिकलेला एखादा मुलगा किंवा मुलगी बसेल. नाव, गाव, काम, मुख्य कारखान्याचे नाव, ठेकेदाराचे नाव, हजेरी कोण घेतो, पैसे बँकेत की रोख, कपात किती, विमा क्रमांक आहे की नाही, एवढे तो एका वहीत लिहील. अशी पन्नास माणसांची वही झाली, आणि त्यात एकाच ठेकेदाराचे नाव वीसदा आले, तर ती वही घेऊन महामंडळाच्या कार्यालयात जाता येते. एकट्या माणसाची तक्रार म्हणजे त्याची नोकरी जाणे. वीस जणांची तक्रार म्हणजे चौकशी. वही मात्र कुलपात ठेवावी. कोणाला कोणता आजार आहे हे त्या वहीत लिहू नये, आणि ती ठेकेदाराच्या कोणा मित्राच्या हाती पडू देऊ नये.

डॉक्टरांनाही मला एक विनंती करायची आहे, आणि कदाचित ती माझ्या आजच्या बोलण्यातील सर्वांत उपयोगाची ठरेल. आपल्या भागात प्रेसवर काम करणारी मुले आहेत. प्रेसमध्ये बोट जाते. ते गेल्यावर काय होते, हे मी माझ्या अशिलांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की पुढचे वाक्य मला पाठ झाले आहे. सुपरवायझर त्याला गाडीत घालून ओळखीच्या खाजगी दवाखान्यात नेतो, बिल भरतो, खांद्यावर हात ठेवतो, आणि केसपेपरवर लिहिले जाते: घरी दरवाजात बोट सापडले. मुलगा वेदनेत असतो. त्याला वाटते, साहेबांनी पैसे भरले, देवमाणूस आहे. तीन महिन्यांनी बोटाविना तो कामावरून काढला जातो आणि माझ्याकडे येतो, तेव्हा त्याच्या हातात तोच एक कागद असतो. जन्मभराच्या हक्काविरुद्ध त्या कागदावरची एक ओळ उभी राहते.

तो मुलगा पट्टी बदलायला आपल्या रविवारच्या दवाखान्यात आला, तर डॉक्टरांनी आपल्या कागदावर त्याने सांगितलेली हकीकत जशीच्या तशी लिहावी: अमुक तारखेस, अमुक पाळीत, अमुक यंत्रावर काम करीत असताना इजा झाली असे रुग्ण सांगतो. खाली सही, नोंदणी क्रमांक, तारीख. डॉक्टरांना कोर्टात भांडायचे नाही. ऐकलेले लिहायचे आहे. तद्वतच ओतशाळेत वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाचा खोकला, रंगखात्यातील माणसाची धाप, सतत आवाजात राहणाऱ्याचे कमी झालेले ऐकू येणे, यांची नोंद करताना तो काम काय करतो व किती वर्षे, हे लिहिल्याशिवाय कागद पुरा समजू नये. काही आजार कायद्याने व्यवसायजन्य मानले आहेत आणि त्यांना अपघातासारखीच भरपाई आहे.

ईएसआयच्या खरोखरच बाहेर असणारी माणसे अर्थात पुष्कळ आहेत. धुणीभांडी करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, हातगाडी लावणाऱ्या, नाक्यावर उभे राहणारे मजूर. १९६१ च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवार म्हणून नोंदलेली मुलेही या विम्याबाहेर राहतात, मात्र कामावर इजा झाल्यास त्यांना भरपाईचा हक्क आहे. बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा स्वतंत्र कायदा झाला व त्याखाली राज्यात कल्याणकारी मंडळ आले. या सर्वांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी यांच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ साली तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, आणि पुढे कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देऊन ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्यात आली. परंतु ही योजना रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या ठराविक उपचारांसाठी आहे. खोकल्याची बाटली, रक्तदाबाची गोळी, साखरेची तपासणी तीत बसत नाही. गरीब माणूस बुडतो तो मोठ्या शस्त्रक्रियेने जितका, तितकाच दर महिन्याच्या गोळ्यांनी. आपल्या रविवारच्या दवाखान्याची खरी जागा या फटीत आहे.

ती जागाही सरकारने अगदी मोकळी सोडलेली नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. चाकणचे ग्रामीण रुग्णालय आणि औंधचे जिल्हा रुग्णालय या विभागाचे आहे. पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय महानगरपालिकेचे, तेथील नियम निराळे. क्षयरोगाचे औषध सर्वत्र सरकारी खर्चाने मिळते, आणि नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी दरमहा १,००० रुपयेही मिळतात. एका खोलीत सहा माणसे झोपतात तेथे एकाचा दोन आठवड्यांचा खोकला साऱ्यांचा होतो. अशा रुग्णाला आपल्या दवाखान्यात खोकल्याचे औषध देऊन परत पाठविणे हे उपकार नव्हेत. त्याच दिवशी त्याच्यासोबत माणूस देऊन सरकारी केंद्रात पाठविले पाहिजे.

आणखी एक दार आहे, आणि त्याची किल्ली बहुतेकांना माहीत नाही. मोठमोठी काचेची रुग्णालये पाहून आपली माणसे बाहेरूनच परत फिरतात. त्यांतील पुष्कळ रुग्णालये सार्वजनिक न्यासांची आहेत. सवलती त्यांनी धर्मादाय म्हणून घेतल्या, तेव्हा धर्मादायाचे कर्तव्यही त्यांच्यावर आले. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेली योजना यांप्रमाणे अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. त्यासाठी बिलांच्या रकमेतील २ टक्के वेगळ्या निधीत टाकायचे असतात. तातडीचा रुग्ण आला तर अनामत रक्कम न मागता त्याला प्रथम दाखल करून धोक्याबाहेर आणायचे असते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका हा पुरावा चालतो. न मानल्यास तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे.

सरकारी रुग्णालयाविषयीही कायदा मुका नाही. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर इजा. एकामागून एका सरकारी रुग्णालयाने खाट नाही म्हणून त्याला परत पाठविले. अखेर खाजगी रुग्णालयात तो वाचला. त्याची शेतमजूर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९९६ साली न्यायालयाने निर्णय दिला, की वेळेवर उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग होय. सरकारला भरपाई द्यावी लागली. हा निकाल एका मजुराने व त्याच्या संघटनेने मिळविला.

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या मनात एक शंका असते, ती येथेच दूर करतो. कागदावर बौद्ध लिहिले तर दवाखान्याच्या सवलती जातील का? नाही. ईएसआय कामावर अवलंबून आहे, फुले योजना शिधापत्रिकेवर, न्यासाच्या खाटा उत्पन्नावर. धर्माचा यांत कोठेही संबंध नाही. अनुसूचित जातीच्या सवलतीदेखील १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना मिळतात. अडचण निराळीच होते. दीक्षेनंतर आपण मुलांची नावे बदलतो, कोणी आडनाव बदलतो. आधारकार्डावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, विम्याच्या नोंदीत ठेकेदाराच्या कारकुनाने ऐकून लिहिलेले तिसरे. रात्री दोन वाजता रुग्णालयाच्या खिडकीवर ही तीन नावे एकमेकांना ओळखत नाहीत. नाव बदलायचे तर राजपत्रात प्रसिद्ध करून सर्व कागदांवर एकदम बदलावे. घरात बाळंतपण येणार असेल तर हे काम सातव्या महिन्याआधी उरकावे.

दवाखाना चालविणाऱ्यांनीही कायदा पाळायचा आहे. नोंदणी असलेल्या डॉक्टराशिवाय कोणीही औषध लिहून देऊ नये, मग तो कितीही अनुभवी कंपाउंडर असो. घरोघरच्या उरलेल्या औषधांच्या पिशव्या दान म्हणून येतील, त्या स्वीकारू नयेत. मुदत संपलेली गोळी गरिबालाही बाधतेच. ताकदीचे सलाइन लावा, असा आग्रह रुग्ण धरतील, कारण आपल्या वस्त्यांत सलाइन म्हणजे उपचार अशी समजूत काही दुकानदार डॉक्टरांनी करून ठेवली आहे. त्याला ठामपणे नकार द्यावा. आणि दाराशी दानपेटी ठेवू नये. ज्याच्यापाशी दोन रुपये नाहीत तो ती पेटी पाहून पुढच्या रविवारी येत नाही.

दवाखाना येत्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी सकाळी नऊला उघडेल, असे संयोजकांनी मला सांगितले आहे. पहिले चार रविवार दुसऱ्या टेबलावर मी स्वतः बसेन. येताना पगाराच्या मागील सहा महिन्यांच्या स्लिपा आणाव्यात. स्लिप मिळत नसेल तर बँकेचे पासबुक आणावे. तेही नसेल तर गेटपास किंवा हजेरीचे कार्ड, ज्यावर कारखान्याचे नाव छापलेले असते, ते आणावे. कागद मला देऊन टाकू नका. मी नक्कल काढून घेईन आणि मूळ कागद त्याच वेळी आपल्या हाती परत देईन.